जग तोलणारा मणी लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कादंबरीत एक मणी होता. परभणीकडच्या एका काल्पनिक गावात जुनी बारव, तिच्या तळाशी पाण्याखाली कोनाडा आणि कोनाड्यात तो मणी. तो जागेवर आहे तोवर जग जागेवर, हलला की सगळं संपलं. अडीचशे पानं झाल्यावर ही गोष्ट मी मावशीला सांगायला घेतली. ती शेंगा फोडत ऐकत होती. मणी चोरीला जातो तिथे तिचा हात थांबला.

"मंग इतके दिवस त्याला कोणी सांभाळलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजार वर्षं तो मणी चोराची वाट बघत नुसता पडून होता.

त्यानंतर मित्रांची अशी बरीच हस्तलिखितं वाचली. मणी, शंख, घंटा, समई, तलवार, एकदा तर पाटा-वरवंटा (तो मला फार आवडला होता). वस्तू बदलतात, दुखणी तीच राहतात.

जग कशाने जोडलंय तेच ठरलेलं नसतं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लेखक आधी वस्तू शोधतो, तिला झळाळी देतो आणि जग तिच्या भोवती कसंबसं गुंडाळतो. पण ती वस्तू जगाला "धरून ठेवते" म्हणजे करते काय? खालून टेकू देते, दोन गोष्टी बांधते, कशावर तरी झाकण बनून बसते, की नुसता हिशेब ठेवते?

वेरूळच्या कैलास लेण्यासमोर उभं राहून हा विचार करून बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी, पहिल्या कृष्णाच्या काळात, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. तिथे दगडावर दगड रचलेलाच नाही, तर निखळणार काय? तुमचं जग असं एकसंध असेल तर त्याला तोलायला मणी लागत नाही. तिथली भीती भेगेची असते आणि ती गोष्टही वेगळी होते.

आता हेमाडपंती देऊळ घ्या. चुन्याशिवाय बसवलेले घडीव दगड, खांबावर तुळई, खाचेत खाच, वजनावर वजन. एक दगड सरकला तर त्याच्या डोक्यावरचं तेवढं खचेल, बाकीचं कित्येक पावसाळे उभं राहील. कमानीचं तसं नाही. तिच्या माथ्यावरचा दगड काढला की दोन्ही बाजू खाली येतात. "एक वस्तू हलली आणि सगळं गेलं" ही मुळात कमानीची कल्पना आहे. एका मित्राने ती यादवांच्या काळातल्या देवळात घातली होती. नायक गाभाऱ्यावरच्या कमानीतला दगड उपटतो आणि देवगिरी हादरतो. प्रसंग झकास लिहिलेला, पण त्या देवळांच्या बांधणीत अशी कमान नसते. ज्याने औंढा नागनाथाच्या देवळात, तिथल्या सभामंडपात, मान वर करून छत बघितलंय तो वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

यावर मी एक वाक्य भरून बघतो: अमुक वस्तू अमक्याला अमुक गोष्ट होऊ देत नाही. रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत तर पुढे लिहीत नाही. माझ्या मण्याचं वाक्य तिसऱ्या दिवशी जमलं. तो मणी जमिनीखालच्या पाण्याला वरच्या गावांची नावं विसरू देत नाही. नाव विसरलं की पाणी त्या गावाकडे वळत नाही. "अखिल ब्रह्मांड" गेलं, हाती फक्त पाणी उरलं, आणि पहिल्यांदा कादंबरी हलली.

वस्तूला धनी नसतो

हा मावशीचा प्रश्न. मोट आता बघायला मिळत नाही, पण घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा. चामड्याची मोट, जाड नाडा, वर चाक. बैल धावेवरून खाली उतरतात तशी भरलेली मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, बैल मागे सरतात. दिवसभर हेच. नाडा झिजतो, चामडं वाळतं, चाक कुरकुरतं, आणि या सगळ्याकडे बघणारा माणूस पहाटेपासून तिथे असतो. संभाजीनगरच्या पाणचक्कीचंही तेच. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंचावरून पाडायचं, त्या धारेच्या जोरावर जातं फिरायचं. नळात गाळ साचला की पीठ बंद.

जग चालवणाऱ्या वस्तूला असंच तेलपाणी लागणार. तिच्यापाशी रोज जाणारा एखादा गुरव असेल. त्याला या कामाचा कंटाळा आलेला असेल, मुलगा पुण्याला कंपनीत लागलेला असेल, आणि "बाबा, आता सोडा ते" असं फोनवर सांगत असेल. चोराला जरा थांबवा. आधी या गुरवाला एक दिवस ताप येऊ द्या आणि त्या दिवशी काय बिघडतं ते लिहा.

नियम ऐन वेळी बदलतो

स्यमंतक मण्याची गोष्ट आपल्याकडे चतुर्थीला चंद्र का पाहू नये म्हणून सांगतात. लेखकाने ती मण्याच्या अटींसाठी ऐकावी. रोज आठ भार सोनं देतो, पूजा होते तिथे दुष्काळ आणि रोगराई येत नाही, पण अशुद्ध माणसाने अंगावर घातला तर जीव घेतो. देणंही ठरलेलं, घेणंही ठरलेलं. प्रसेन तो घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबवंत मारतो, आणि एवढा मोलाचा मणी गुहेत पोराचं खेळणं होतो. हात बदलतात, अट बदलत नाही. शिवाय मणी गुहेत पडलेला असताना गोष्ट पुढे नेतो तो गावातला संशय, कृष्णावर आलेला आळ.

आपल्या हस्तलिखितांत अडतिसाव्या प्रकरणात नायिका अडकते आणि इतके दिवस मुका असलेला मणी बोलायला लागतो. त्याला बोलायचंच असेल तर चौथ्या प्रकरणात एकदा चुकीच्या वेळी बोलू द्या, आणि त्यात कुणाचं तरी नुकसान होऊ द्या.

"आणि पृथ्वी दुभंगली"

मराठवाड्यात बसून हे वाक्य लिहिताना हात थोडा जड व्हायला हवा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची वजनदार माळवदं झोपलेल्या अंगावर आली. ज्याच्या घरात ती पहाट अजून आहे, त्याला तुमच्या शेवटच्या प्रकरणातला भूकंप भव्य वाटणार नाही. भूकंप लिहूच नका असं माझं म्हणणं नाही. पण मणी चोरल्याची शिक्षा म्हणून गावं पाडू नका. किल्लारीत कुणी काही चोरलं नव्हतं.

तसंही आपल्या भागाला एका फटक्यात तुटण्यापेक्षा हळूहळू सैल होणं जास्त ओळखीचं. आडाचं पाणी दोन हात खाली जातं. पोहऱ्याच्या दोराला दुसरा दोर जोडतात. मग आड बुजतो आणि बोअर येतं, तीनशे फूट, मग सहाशे. मग टँकर, टँकरची पाळी, पाळीवरून भांडणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. प्रत्येक टप्प्यावर लोक म्हणतात, "यंदा जरा कमीच हाये." जग तुटतंय असं कुणीच म्हणत नाही. तुमच्या वस्तूची पकड सुटताना माणसांनी असंच बोलायला हवं. माझ्या नव्या मसुद्यात पहिली खूण एसटीच्या पाटीवर येते. गावाचं नाव पुसट झालेलं असतं, कंडक्टर अंदाजाने तिकीट फाडतो. विहिरी त्याच्यानंतर तीस पानांनी आटतात.

किरकोळ चुका भराभर सांगतो. सात तुकडे सात दिशांना लपवले की कादंबरीची वाणसामानाची यादी होते, दोन पुरेत. सोळा अक्षरी संस्कृत नाव पोथीत ठेवा, गावातले लोक त्या वस्तूला "गोटा"च म्हणतील. आणि जग पेलतेय म्हणून ती डोंगराएवढी नको. बैलगाडीचं चाक आसावरून निघू नये म्हणून जी लोखंडी खीळ लावतात ती बोटाएवढी असते. राक्षसाचा जीवसुद्धा आपण पोपटातच ठेवत आलोय.

अडीचशे पानं आधीच झाली असतील तर

फाडू नका. "मणी" हा शब्द जिथे जिथे आहे तिथे "पैशांची पिशवी" असं घाला आणि पुन्हा वाचा. गोष्ट तशीच चालत असेल तर मण्याला कामच दिलेलं नाही, तो नुसता पळवण्यासाठी आहे. मग चोरीच्या आधीचा एक साधा मंगळवार लिहा, ज्यात कुणी खलनायक नाही. माझा मंगळवार नऊ पानांचा झाला आणि जुन्या मसुद्यातली ऐंशी पानं त्याने खाल्ली.

राहिला शेवट. वस्तू परत जागेवर बसली की सगळं "पूर्ववत" करून टाकतात. औंढ्याला जाऊन या. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी आख्यायिका आहे. देऊळ फिरलं, पण नंदी फिरला नाही. तो आजही मागच्या बाजूला बसलेला आहे. दुरुस्तीनंतर तुमच्या जगातही असा एक नंदी मागे राहायला हवा.

म्हणून माझ्या कादंबरीत मणी कोनाड्यात परत जातो, विहिरींना पाणी येतं, पण एका गावाचं नाव पाण्याला काही केल्या आठवत नाही. कोणतं गाव ठेवू म्हणून मावशीला विचारलं. तिचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं.

"आमचं नको घालू," ती म्हणाली. "आमचं नाव पाण्याला पाठ हाये."