म्हाईला गावी जाण्याआधी : वंशावळीची आणि भावकी जोडण्याची तयारी

कोल्हापूर भागातल्या मूळ गावची भावकी एका जागी सापडायला म्हाईइतका, म्हणजे गावच्या यात्रेइतका, चांगला मुहूर्त नाही. पुण्या-मुंबईला गेलेले, निपाणी-बेळगावकडे दिलेल्या लेकी, सैन्यातून रजेवर आलेले, सगळे त्या दोन दिवसांत गावात असतात. अडचण अशी की त्याच दोन दिवसांत दारात मांडव, चुलीवर रस्सा आणि ओसरीवर पै-पाहुणे असतात, निवांत बसायला कुणालाच सवड नसते. त्यामुळे म्हाईत ओळखी करून घ्यायच्या, आधी जमवलेल्या नावांची खातरजमा करायची आणि पुढे कुणाकडे कधी बसायचे ते ठरवायचे, एवढेच धरून चाला. बाकी सारे काम आधीच्या महिना-दीड महिन्यात होते.

पहिल्यांदा एक जाड वही घ्या आणि एका माणसाला एक पान द्या. पानावर कागदोपत्री नाव, हाकेचे नाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि गाव, जोडीदार कुठला, जन्म-मृत्यूचा अंदाज, हयातीतले वास्तव्य आणि ही माहिती कुणी, कोणत्या तारखेला सांगितली, इतके रकाने पुरतात. शेवटचा रकाना आळसाने सुटतो आणि नंतर दोन काकांनी दोन वेगळी नावे सांगितली की कोणते धरायचे हे कळत नाही. मूळ पुरुषाला १, त्याच्या मुलांना १.१, १.२, नातवंडांना १.१.१ असे क्रमांक द्या. आणखी वरची पिढी सापडली की क्रमांक बदलावे लागतात, म्हणून सुरुवातीला ते पेन्सिलीनेच लिहा. मुलींना मुलांबरोबर जन्मक्रमाने क्रमांक द्यायचे. घरोघरी भिंतीवर लावलेल्या वंशवृक्षांत फक्त पुरुष असतात आणि निम्मा गोतावळा तिथेच तुटतो.

मग घरातली कपाटे उपसा. लग्नपत्रिका जपल्या असतील तर त्या सोन्यासारख्या: निमंत्रक, मामा, आजोळ, गाव आणि तारीख एका कागदावर मिळते. त्याहून कामाची आहेराची वही. कुणी किती रुपये किंवा कोणते भांडे घातले हे लिहिताना नावापुढे गाव लिहिलेले असते, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपले सोयरे कुठे कुठे होते याचा नकाशाच तो. रक्षाविसर्जनाच्या निधनवार्तांची कात्रणेही काढून ठेवा, ‘पश्चात’ या शब्दापुढे संपूर्ण कुटुंब दिलेले असते. आणि चुलत घरांत एकच प्रश्न विचारा, कुणाच्या पोराची जात पडताळणी झाली आहे का? इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, त्यामुळे त्या फाईलमध्ये आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ तयार असते. तुमचे कित्येक महिने वाचतील. फक्त ही वंशावळ कामापुरती, एकाच शाखेची काढलेली असते, ती संपूर्ण समजू नका.

वडीलधाऱ्यांशी बोलणे सरकारी कागदांच्या आधी उरका, कागद पळून जात नाहीत. ऐंशीच्या पुढच्यांकडे सकाळी न्याहारीनंतर जावे आणि पाऊण तासात उठावे, त्यापुढे नावे एकमेकांत मिसळू लागतात. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारा. ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आठवणी घटनांना टांगलेल्या असतात. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीआधी की नंतर (१९१८), शाहू महाराज गेले तेव्हा (१९२२), कोल्हापूर संस्थान विलीन झाले तेव्हा (१९४९), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, असे विचारले की दोन-तीन वर्षांच्या फरकाने साल बसते. मृत्यूची तिथी पितृपक्षामुळे घरात हमखास ठाऊक असते, वर्ष नसते. तिथी लिहून ठेवा, वर्ष मागाहून फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नावबदलाच्या नोंदीत, सापडेल.

सर्वांत मोठा घोळ नावांच्या पुनरावृत्तीचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने ‘रामा बाळू’, ‘बाळू रामा’, पुन्हा ‘रामा बाळू’ अशी साखळी चालते आणि घाईत दोन पिढ्या एक होऊन जातात. एकाच नावाच्या दोन नोंदींत पंचवीस-तीस वर्षांपेक्षा जास्त अंतर असेल तर आधी दोन माणसे समजा, मग तपासा. दुसरा घोळ हाकेच्या नावांचा. आप्पा, तात्या, बापू, आण्णा ही नावे प्रत्येक घरात आहेत, ‘थोरले तात्या’ म्हणजे कागदावर कोण, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. दगडू, धोंडू, केरबा अशी नावे दिसली तर आधीची भावंडे दगावली होती का, हेही हळूच विचारावे. मुले जगावीत म्हणून अशी नावे ठेवत, आणि त्या गेलेल्या मुलांची नोंद कुठल्याच वंशवृक्षात नसते.

आता नाजूक बाब. वंशावळ काढतोय म्हटले की भावकीला पहिला वास जमिनीचा येतो, आणि तो रास्तच असतो, कारण वाटपाच्या दाव्याची सुरुवातही वंशावळीनेच होते. पहिल्याच भेटीत सातबारा मागितला तर दुसऱ्या भेटीला घरात कुणी सापडत नाही. हिस्सा, वाटा, तक्षीम, हक्कसोड यांविषयी विचारू नका. कुणी स्वतःहून भांडण काढले तरी वहीत लिहू नका. आपण काय जमवतोय याची एक पानी प्रत खिशात ठेवा आणि विचारणाऱ्याच्या हातात द्या. भावकीची सीमा ठरवायचा सरळ मार्ग हवा असेल तर कुणाचे सुतक कुणाला लागते ते विचारा. जमिनीचा शब्द न काढता शाखा कळतात.

कागदांकडे वळण्यापूर्वी गाव त्या काळी कुणाकडे होते ते पक्के करा. आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे जुने करवीर संस्थान, हे समीकरण अर्धेच खरे आहे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आजरा इचलकरंजी जहागिरीत, कुरुंदवाड पटवर्धनांचे वेगळे संस्थान, उलट संस्थानातले रायबाग आज कर्नाटकात आहे. गाव चुकीच्या दप्तरात शोधले तर तिथे ‘नोंद आढळत नाही’ एवढाच शेरा मिळतो आणि माणसे तिथेच थांबतात. गावाचे पूर्ण नावही हवे: कसबा सांगाव वेगळे, मौजे सांगाव वेगळे, शिरोली पुलाची वेगळी, शिरोली दुमाला वेगळी.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात तीन गोष्टी मागा. गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात, जुने फेरफार, आणि वारस नोंदी. कोतवाल बुकात मुलीचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच, कारण नोंद बारशाआधीच व्हायची. फेरफारातल्या वारसनोंदीत नाव, वय, नाते मिळते, मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या नोंदींत बहुधा मुलगेच आहेत. तिथे मुलगी दिसली नाही म्हणून ती नव्हतीच असे धरू नका. एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबराचे गट नंबर झाले, म्हणून जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा आधी काढा, नाहीतर साखळी मध्येच तुटते. बरेच जुने उतारे ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर गाव निवडून पाहता येतात, आधी तिथे बघून फेरफार क्रमांक लिहून घेतलात तर अभिलेख कक्षातला कारकूनही खूश असतो.

उताऱ्यांतली भाषा शिकून जा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘वलद’चाही तोच अर्थ, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, याचा अर्थ मागे आणखी भाऊ आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान असताना बाप गेला होता, असा तो इशारा. ही अक्षरे नुसती नक्षी समजून सोडणारे अख्ख्या शाखा गमावून बसतात.

शाळेचे जनरल रजिस्टर विसरू नका. संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, त्यामुळे गावची शाळा जुनी असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या पोरांची नावे, बापाचे नाव आणि जात मिळू शकते. जन्मतारखेवर मात्र भिस्त नको. १ जून दिसली की मास्तरांनी दाखल करताना अंदाजाने टाकली असे समजावे.

१९५० च्या मागे गेलात की मोडी लिपी येते. त्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तुटत नाहीत, म्हणून आडनावाचे वाचन दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे करून घ्या. पानाचा फोटो सपाट, सावली न पाडता, पूर्ण पानाचा एक आणि नोंदीचा एक असे दोन घ्या. कोल्हापूरचे पुरालेखागार आणि पुण्याचे पेशवे दफ्तर इथे जाताना ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, शाईचे पेन बाहेर ठेवा. जुन्या कागदांतली शक, फसली, सुहूर ही साले इसवी सनात आणायचे गणित सोबत लिहून न्या. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९. फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. म्हणजे शके १८४० आणि फसली १३२८ दोन्ही १९१८-१९ मध्येच येतात. एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन सनांत सापडल्या तर हे गणित केल्याशिवाय वाद घालू नका.

आडनावावर डोळे झाकून शोधणे हेही फसवे. पाटील, चौगुले, देसाई, कुलकर्णी ही वतनाची नावे आहेत, मूळ आडनाव वेगळे असू शकते आणि जुन्या कागदात तेच असते. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले, तरी नाव मात्र मागे राहिले. दत्तक गेलेला मुलगा एका शाखेतून नाहीसा होऊन दुसरीत उगवतो, अशा पानावर दोन्ही क्रमांक लिहा.

हेळवी ही या भागातली खास सोय. बेळगावकडचे हेळवी सुगीनंतर बैल घेऊन गावात येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात. आपल्या भावकीचा हेळवी कोण, तो साधारण कधी येतो आणि कोणाच्या दारात उतरतो हे म्हातारीला विचारून ठेवा, कारण तो तुमच्या सोयीने येत नाही. त्याच्या चोपडीतली लिपी बऱ्याचदा कानडी असते, म्हणून वाचन चालू असताना ध्वनिमुद्रण करा, परवानगीने फोटो घ्या आणि धान्य, कापड, पैसे जे रीतीने देतात ते कमी करू नका. घराणे कुठून कुठे आले, कोणता भाऊ कोणत्या गावी गेला, हे सांगण्यात त्याची चोपडी कागदांपेक्षा उजवी असते. अगदी वरच्या पिढीतले शौर्य ऐकून घ्यावे आणि वहीत ‘हेळव्याने सांगितले’ अशी खूण करून सोडावे. खरे सांगायचे तर पाच-सहा पिढ्या कागदाने सिद्ध झाल्या तर काम उत्तम झाले. नाशिक-त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही अशाच, तिथे मूळ गाव सांगितल्याशिवाय वही निघत नाही.

कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत असे ऐकले तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव आणि गावही दिलेले असते, स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाप्रमाणे.

यात्रेच्या दिवशी सोबत ए-थ्री कागदावर मोठ्या अक्षरात छापलेला कच्चा वंशवृक्ष, दोन पेन, पॉवर बँक आणि जुन्या फोटोंच्या प्रती असू द्या. मूळ फोटो अजिबात नेऊ नका. कागद ओसरीवर पसरला की चुका दाखवायला माणसे आपणहून वाकतात, ‘माहिती द्या’ म्हटले तर नाही.

परतल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्त प्रत प्रत्येक शाखेला गेली पाहिजे, उशीर झाला की लोक पुढची माहिती देत नाहीत. प्रत्येक शाखेतून एक माणूस निवडा, शक्यतो चाळिशीच्या आतली लेक किंवा सून, आणि जन्म, लग्न, मृत्यू, बदललेला पत्ता एवढेच तिने कळवायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन गट ठेवा. एक गप्पांचा, दुसरा फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील असा बातम्यांचा. एकच गट ठेवला तर शुभ सकाळच्या फुलांत मृत्यूची बातमी बुडते आणि मग रक्षाविसर्जनाला आला नाही म्हणून वर्षभर रुसवा. हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव गटात टाकू नका, बँका हेच प्रश्न विचारतात.

परदेशातल्यांना दरवर्षी दसऱ्याला ठरलेल्या वेळी फोन लावा. कोल्हापुरात संध्याकाळी साडेसात म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबरात सकाळचे दहा. कागदांच्या स्कॅन प्रती तीन घरांत ठेवा, त्यातले एक पंचगंगा-कृष्णेच्या पूररेषेपासून दूर हवे. २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यात अख्खी घरेच पाण्यात होती. भिजलेली वही सापडलीच तर उन्हात ठेवू नका, पाने चिकटतात आणि वाकतात. सावलीत पंख्याखाली, दर पाच-दहा पानांत कोरा शोषक कागद घालून, तो ओला झाला की बदलत सुकवा.