आईबाबा निघाले, पण कुठून? चार देशात विखुरलेल्या घराने प्रवासाची खबर कशी द्यावी

आमचं घर सध्या चार घड्याळांवर चालतं. आईबाबा सांगलीत, दादा-वहिनी दुबईत, धाकटी बहीण मेलबर्नला आणि मी इकडे न्यू जर्सीत, एडिसनला. वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी हवेत असतंच आणि बाकीचे तीन ठिकाणी फोन हातात घेऊन बसलेले असतात. इतक्या वर्षांत जेवढे घोळ घालता येतात तेवढे आम्ही घालून झालोत म्हणून लिहितेय, तुम्ही निदान तेच घालू नका, नवीन घाला.

सगळ्यात पहिलं म्हणजे "निघालो" हा शब्द ग्रुपवर एकटा टाकायचा नाही. आमचे बाबा दुपारी दोनला टाकतात "निघालो". आता हे सांगलीतून घरातून निघाले, की मुंबईच्या हॉटेलवरून एअरपोर्टला निघाले, की विमान निघालं? पहाटे चारच्या फ्लाइटसाठी सांगलीहून आदल्या दुपारीच गाडी काढावी लागते, त्यामुळे "निघालो" आणि विमान सुटणं यात चौदा तास असू शकतात, आणि दादा बिचारा तिकडे चार तासांनी दुबई एअरपोर्टला जायची तयारी करत बसतो. आईचं तर अजून वेगळं. ती "जाते" म्हणत नाही, अशुभ, ती "येते हं" म्हणते. एकदा ती दादाकडे दीड महिना राहून परत सांगलीला निघाली आणि बोर्डिंग गेटवरून ग्रुपवर लिहिलं "येते रे बाळांनो". मेलबर्नहून बहिणीचा लगेच मेसेज, अय्या आई इकडे येतेय? मला कोणी सांगितलं का नाही?? म्हणून नियम एकच, क्रियापदाच्या आधी ठिकाण. "सांगलीतून निघालो." "खालापूर टोलनाका सोडला." "विमानात बसलो, दार बंद झालं." एवढं लिहायला काही जास्त वेळ लागत नाही, बाबांना सुद्धा जमलं.

दुसरं तारीख, आणि इथे मी स्वतः माती खाल्लेली आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मुंबईहून बाहेर जाणाऱ्या कितीतरी फ्लाइट मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 15 तारीख, 1:50. मी सगळ्यांना सांगितलं "15 ला रात्रीची फ्लाइट आहे". काकांनी त्याप्रमाणे ओळखीच्या ड्रायव्हरला 15 तारखेची दुपार सांगितली, मावशी 15 ला सकाळी डबा घेऊन भेटायला येणार होती, सगळं छान ठरलं. 14 तारखेला संध्याकाळी सात वाजता मी वेब चेक-इन करायला बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. फ्लाइट पावणेसात तासांवर, मी सांगलीत, अर्धे कपडे दोरीवर. ती फ्लाइट गेलीच, दंड भरून दोन दिवसांनंतरचं तिकीट घेतलं आणि नवऱ्याने अजूनही तो विषय सोडलेला नाही. तेव्हापासून आमच्याकडे मध्यरात्रीच्या फ्लाइटला "बुधवारची रात्र उजाडता गुरुवार" असं लिहितात, वार दोन्ही लिहायचे, पहाट की रात्र ते लिहायचं, आणि घरातून कधी निघायचं ते वेगळ्या ओळीत. महिना अक्षरात लिहा. 05/06 म्हणजे सांगलीत 5 जून आणि एडिसनमध्ये 6 मे, आणि माझी इथे वाढलेली मुलं तर बिनधास्त 6 मे वाचतात.

मग टाइम झोन. भारताचं घड्याळ वर्षभर एका जागी असतं, दुबईचंही, तिथे फक्त दीड तास मागे जायचं. घोळ आमचा आणि मेलबर्नचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, म्हणजे न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मेलबर्नचा उलटा हिशोब, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे, भारताच्या साडेचार नाहीतर साडेपाच तास पुढे. लंडनवाले कोणी असतील तर त्यांचे रविवार अजून वेगळे, मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे. हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथलीच असते, तीच लिहा आणि शेजारी भारताची वेळ लिहा, बास. बाकीच्यांनी भारताच्या वेळेवरून आपापलं काढायचं, आयुष्यभर तेच तर करतोय.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, पिन केलेला मेसेज. व्हॉट्सॅपवर मेसेज 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस पिन करता येतो. आम्ही तिकीट कन्फर्म झालं की एकच मेसेज बनवतो, निघायच्या आदल्या दिवशी 7 दिवसांसाठी पिन करतो, आणि काहीही बदललं तरी नवीन मेसेज लिहून तो पिन करायचा आणि जुना डिलीट. नाहीतर दोन वेळा फिरत राहतात आणि आत्याकडे नेमकी जुनी असते. मे मधला आमचा असा होता:

"आईबाबा सांगली ते एडिसन.
गाडी: बुधवार 13 मे, दुपारी 1 ला घरातून. ड्रायव्हरचा नंबर दादाकडे.
मुंबई टी-2 हून: बुधवारची रात्र उजाडता गुरुवार 14 मे, पहाटे 4:25.
अबुधाबी पोचणार: सकाळी 6:00 तिथले (भारत 7:30). तिथेच अमेरिकेचं इमिग्रेशन. सुटणार 9:50 (भारत 11:20).
न्यूयॉर्क जेएफके: गुरुवार दुपारी 3:50 इथले (भारत शुक्रवार पहाटे 1:20).
व्हीलचेअर: दोघांना, दोन्ही फ्लाइटला सांगितलीय.
बॅगा: 4 मोठ्या, 2 हातातल्या. आईची मोठी निळी, लाल नाडी बांधलेली.
घ्यायला: मी आणि हे.
गप्प असणार: भारताच्या सकाळी 11:30 पासून रात्री 1:30 पर्यंत. या वेळात फोन करू नये, लागणार नाही."

ती शेवटची ओळ बघा. आमच्या घरातला निम्मा बीपी त्या एका ओळीने कमी झालाय. काळजी विमान उडाल्यामुळे नाही वाटत, किती वेळ काही कळणार नाही हे माहीत नसल्यामुळे वाटते. चौदा तास शांतता असणार हे आधी लेखी असलं की आत्या झोपते. नाहीतर ती तीन तासांनी बाबांच्या बंद फोनवर फोन करते, मग मला करते, मग वहिनीला, आणि एक माणूस शांत झोपलाय म्हणून तीन देशांतले लोक जागे.

त्यात अबुधाबीची ओळ का आहे ते पण सांगते. तिथे 2014 पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसायच्या आधीच होतं, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत फ्लाइटसारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर. म्हणजे घ्यायला जाणाऱ्याने वेळेवर जायचं. डायरेक्ट फ्लाइट असेल किंवा लंडन-फ्रँकफर्टहून येणार असतील तर विमान टेकल्यापासून माणूस बाहेर यायला तास ते दोन तास सहज धरा, रांग असेल तर जास्त. "लँड झाले" हा मेसेज बघून गाडी काढलीत तरी कधीकधी तुम्हीच लवकर पोचता आणि पार्किंगचे पैसे वाढत राहतात. उलट बाजूने, अबुधाबीत ती रांग लांब असू शकते, त्यामुळे तिथला लेओव्हर कमी असेल तर आईबाबांना आधीच सांगून ठेवा की ड्युटी फ्रीत रेंगाळायचं नाही. आमच्या बाबांना खजूर बघायला आवडतात, घेत नाहीत, बघतात.

ट्रॅकिंग. फ्लाइटरडार24 वर फ्लाइट नंबर टाकला की विमान कुठे आहे ते दिसतं, आणि आता आमच्या आईलाच ते आमच्यापेक्षा चांगलं जमतं. पण तिला एक समजावून ठेवावं लागलं, की समुद्रावर बऱ्याचदा खाली कुणी सिग्नल पकडायला नसतं, तेव्हा अ‍ॅप अंदाजाने विमान पुढे सरकवतं, कधी विमान गायबच होतं. गायब म्हणजे सिग्नल गायब. पहिल्यांदा अटलांटिकवर माझं विमान गायब झालं तेव्हा तिने देव पाण्यात ठेवले होते.

आणि खरंच काही झालं तर? 23 जून 2025 ला कतारवर क्षेपणास्त्रं आली आणि दोहाचं आकाश काही तास बंद झालं, तेव्हा आमची मावशी मुंबईहून दोहाच्या वाटेवर होती. टीव्हीवर लाल पट्ट्या आणि ग्रुपवर पन्नास मेसेज, त्यातले चाळीस टीव्हीचे फोटो. मेलबर्नला मध्यरात्र उलटून गेलेली, बहीण सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन जागीच होती, तिने अ‍ॅपवर बघितलं की विमान वळून परत मुंबईकडे निघालंय आणि स्क्रीनशॉट टाकला, तेव्हा कुठे सगळे बसले. त्यानंतर आम्ही ठरवलं की प्रत्येक प्रवासाला एकच माणूस "कंट्रोल रूम". जो त्या वेळी नैसर्गिकरीत्या जागा असेल तो. भारतात रात्र असेल तर मी, माझी रात्र असेल तर बहीण. बाकीच्यांनी फक्त वाचायचं, बातम्यांचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत, आणि एअरलाइनला फोन त्या एकाच माणसाने करायचा. पीएनआर आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग त्याच्याकडे असायला हवं, फोनवर पहिलं तेच विचारतात.

फोन लागत नाही याची कारणं पण आधी माहीत असू द्या. युएईमध्ये व्हॉट्सॅपचे कॉल चालत नाहीत, मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात. आई दुबईला उतरली की व्हिडिओ कॉल लावत बसते आणि नुसतं कनेक्टिंग. दादाकडे गेलो की आम्ही बोटिम नावाचं कॉलिंग अ‍ॅप वापरतो, पण लेओव्हरपुरतं व्हॉइस नोट टाका म्हणावं. काही एअरपोर्टवर वायफाय घ्यायला मोबाइलवर ओटीपी येतो आणि बाबांनी पैसे लागतील म्हणून भारताचं सिम काढूनच ठेवलेलं असतं! सिम आत राहू द्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, नुसता एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत. निघायच्या आधी रोमिंग चालू आहे का ते एकदा बघा, नाहीतर तिकडे गेल्यावर चालू करायला परत ओटीपी. आणि सगळंच फसलं तर जुना एसटीडी बूथच्या काळातला उपाय: दोन रिंग आणि कट म्हणजे पोचलो, सलग दोनदा म्हणजे तूच फोन कर. बाबांना हे शिकवावं लागलं नाही, त्यांनीच आम्हाला शिकवलंय.

सांगली ते मुंबई या टप्प्यासाठी लाइव्ह लोकेशन भारी. 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास असे पर्याय असतात, 8 वाला लावा, कराड-सातारा-खंबाटकी करत एअरपोर्टला बरोबर पुरतो. पॉवर बँक मात्र हवी.

बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका. आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं, सीट बदलू शकतं, आणि तो बारकोड पण वाचता येतो. शिवाय सांगलीचं घर दोन महिने बंद आहे हे सगळ्या गावाला कशाला सांगायचं. घरच्या ग्रुपवर पण आम्ही फोटो टाकत नाही, त्या ग्रुपमध्ये चुलत-मावस धरून 43 माणसं आहेत. पिन मेसेज सहा जणांच्या छोट्या ग्रुपवर.

अरे हो, खसखस. कोण कुठून जातंय हे सगळ्यांना माहीत असण्याचा खरा उपयोग इथे होतो. युएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, थोडीशी सुद्धा नाही, आणि दिवाळीत दादाकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती काकू अनारसे देणारच. खसखशीचे. एका वर्षी पिन मेसेजमध्ये "दुबई" वाचून वहिनीने वेळेत विचारलं आणि तो डबा सांगलीतच संपवला, कोणी तक्रार केली नाही. आख्खी सुकी खोबऱ्याची वाटी पण देऊ नका, तेलकट असते म्हणून विमानाच्या सामानात घेत नाहीत, सिक्युरिटीला काढून ठेवतात आणि आई तिथे वाद घालते.

राहिली भारत ट्रिपची बातमी, म्हणजे आपण जाणार असतो तेव्हाची. ती कोणाला आधी सांगायची हे मी कोणाला शिकवू शकत नाही, त्यात आमचे अजून रुसवे चालू आहेत. एवढंच सांगते, तिकीट काढायच्या आधी मोठ्या ग्रुपवर बोलू नका. "येतेयस ना? मग एक छोटीशी गोष्ट आणशील?" हे सुरू झालं की 23 किलोच्या दोन बॅगा बघता बघता दुसऱ्यांच्या होतात. आत्याला मात्र फोनवर स्वतः सांगायचं, ग्रुपवरून कळलं तर मेलीस. कोणाकडे कधी जेवायला ते एका शीटमध्ये भरून टाका आणि लिंक काकांना द्या, त्यांना असली कामं आवडतात, ते रिकाम्या दुपारी पण कोणालातरी बसवतात.

पोचल्यावरचा मेसेज पण नीट लिहायचा. नुसतं "पोचलो" नाही. "घरी पोचलो, बॅगा चारही आल्या, आईने चहा घेतला, बाबा झोपले." मग पिन काढायची. आणि परत इकडे आल्यावर एडिसनच्या घराचं कुलूप उघडायच्या आधी, दारातच उभं राहून टाका, कारण सांगलीत तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात, आणि दिवा चालू असतो.