‘माटोव’चा रंगमंच झाला तेव्हा

पीएचडीला नाव नोंदवल्यावर दीड-दोन वर्षं मी नुसता जमवत होतो. विषय होता गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, देवळांच्या उत्सवांत होणारी मराठी नाटकं. पिशव्या भरल्या, पान एकही लिहून झालं नव्हतं. ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘‘चवथ झाली की लिहायला बसतो.’’ अशा दोन चवथी, म्हणजे गणेश चतुर्थ्या, गेल्या. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, म्हणजे सहाच चवथी हातात!

शेवटी गाईडबाईंनी बजावलं, ‘‘शुक्रवारी दहा पानं आण. कशीही चालतील.’’ पानं खरोखर कशीही होती. त्यात गावातल्या एका म्हाताऱ्या नटाची मुलाखत होती. ते बोलले कोकणीत, मी लिहिलं मराठीत. इथे मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्याचं हे रोजचंच. ‘देवळापुढे रंगमंच उभारला जाई’ या ओळीवर बाईंनी पेन्सिल टेकवली. ‘‘हा शब्द तुझा की त्यांचा?’’

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. ते म्हणाले होते ‘माटोव’. चुडतांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, मांडव. पुढे पाच मिनिटं ते चुडतं कुणी आणायची, कुणी बांधायची, कोण रुसायचं हेच सांगत होते आणि मी ते ‘विषयांतर’ म्हणून गाळलं होतं. माझं तिसरं प्रकरण त्या पाच मिनिटांवर उभं आहे.

तेव्हा मुलाखत आधी बोलणाऱ्याच्याच भाषेत उतरवा, मराठी त्याखाली. रेकॉर्डिंग त्याच रात्री दुसरीकडे साठवा. आणि पहिली वाईट पानं लवकर लिहा. काय गाळलंय ते लिहिल्याशिवाय कळत नाही. प्रस्तावना मी सर्वांत शेवटी लिहिली, दोन दिवसांत.

मजकूर दुसरीकडून उचललाय का हे पाहणाऱ्या साम्य तपासणीला घाबरू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. मात्र टायपिंग युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधली फाईल ऐनवेळी रडवते. शोधगंगा या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध वाचाल तेव्हा संदर्भसूची आधी उघडा, मला निम्मी वाट तिथेच सापडली.

एक चूक मात्र निस्तरता आली नाही. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली चाळताना मी मोबाईलवर भराभर फोटो काढले. कात्रणं स्पष्ट आली, पण पानाच्या माथ्यावरची तारीख बऱ्याच फोटोंत कापली गेली. नंतर कदंबा बसने चार खेपा घातल्या आणि एकेक अंक पुन्हा शोधला. नटांच्या भांडणाची एक झकास बातमी होती, तिची तारीख अजून सापडलेली नाही. ती प्रबंधात नाही.