दसऱ्याचं बुकिंग, पाडव्याची किल्ली: पुण्यातल्या पहिल्या घराची तयारी

दसरा हा पूर्ण मुहूर्त, बलिप्रतिपदा अर्धा, आणि दोन्हींच्या मधे जेमतेम तीन आठवडे. पहिलं घर घेणारी जोडपी बुकिंग, कर्ज, करार, किल्ली, फराळ आणि आकाशकंदील हे सगळं त्या तीन आठवड्यांत बसवायला बघतात. आम्हीही तेच केलं होतं. ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ असं ऐकून दसऱ्याला एका बांधकाम व्यावसायिकाला टोकनचा चेक दिला, साधी पावतीही घेतली नाही. आम्ही निवडलेल्या मजल्याला मंजुरीच नव्हती, हे नंतर कळलं. पैसे परत मिळायला सात महिने गेले. म्हणून सांगते, मुहूर्तावर घर बघा, वाटलं तर चेक द्या, पण करार कागद वाचून झाल्यावरच करा.

पहिलं काम नवरात्राच्याही आधीचं: पैशांची मांडणी. ८० लाखांचं घर धरू. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख आपले. शिवाय पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे हाताशी जवळजवळ २२ लाख हवेत, आणि त्यात वकील, सामान, पडदे यांतलं काहीच आलेलं नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८० लाखांवर ते ८० हजार होतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती मिळत नाही. काम चालू असलेल्या इमारतीत ५ टक्के जीएसटी वेगळा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला तो नाही. ५० लाख किंवा त्याहून महाग घराच्या प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा आयकर, कापून आपणच सरकारकडे भरायचा असतो. ही जबाबदारी घेणाऱ्याची आहे, आणि घाईत नेमकी हीच विसरते.

कागदांसाठी एक वेगळी फाइल करा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख आणि प्रकल्पावर कुणाचं कर्ज आहे का, ते स्वतः वाचा. क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा किती, असं विचारा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदा आहे. कुणी जास्त मागितली तर तसं शांतपणे सांगा. तयार घर असेल तर भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी दिल्याचा दाखला, आधी बघा. जुन्या सोसायटीत सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, ‘इंडेक्स टू’), आधीच्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि शेअर सर्टिफिकेट. आपला वकील आपण नेमावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. करारावर सह्या झाल्यापासून नोंदणीला ४ महिने मिळतात आणि दिवाळीत दुय्यम निबंधक कार्यालयाला सुट्ट्या असतात, तेव्हा पाडव्याआधी नोंदणी झालीच पाहिजे म्हणून कुणाच्या मागे लागू नका.

घर दोनदा बघा, एकदा सकाळी आठला, एकदा रात्री. मुख्य म्हणजे पाण्याचं विचारा. विक्री कार्यालयात नको. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आणि तिथे घरकाम करणाऱ्या मावशींना विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात. आमच्या आताच्या सोसायटीचं खरं चित्र अशाच एका मावशींनी दहा मिनिटांत सांगितलं होतं. ताबा घेताना बादलीभर पाणी बाथरूममध्ये ओतून उतार तपासा, मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग लावून बघा, खिडक्यांखाली ओल आहे का ते हाताने चाचपा. राहिलेल्या कामांची यादी लिहून तिच्यावर विकणाऱ्याची आणि आपली, दोन्ही सह्या घ्या.

आता सणाचं. वास्तुशांत चातुर्मासात करत नाहीत असं बहुतेक घरांत मानतात, तर ती तुळशीच्या लग्नानंतर ठेवा. किल्ली पाडव्याला मिळाली तर गणपतीपुढे दिवा लावून दूध उतू घालायचं, तेवढं पुरतं. गॅस आला नसेल तर विजेची शेगडी न्या. इलेक्ट्रिशियन घरात असतानाच बाल्कनीत कंदिलासाठी एक हुक आणि एक पॉइंट मारून घ्या. खरेदीला लक्ष्मी रोडवर गाडी नेऊ नका. मेट्रोने मंडईला उतरलं की तुळशीबाग चालत आहे. पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे कुंभारवाड्यातून आणा. मुलं असतील तर किल्ल्यासाठी एखादा कोपरा सोसायटीकडे आधीच मागून ठेवा. मातीची पोती रस्त्याकडेला मिळतात. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरले तर लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला हिरवा होतो. नव्या इमारतीत कुणीच कुणाला ओळखत नाही, आणि आमची पहिली ओळख त्या किल्ल्याभोवतीच झाली. फराळ सगळा घरी करायचा हट्ट या वर्षी सोडा. चकली-चिवडा विकत आणा, करंज्या तेवढ्या आईबरोबर बसून करा.

किल्ली मिळालीच नाही तर भाड्याच्या घरात दिवाळी नीट साजरी करा. अर्धवट गुंडाळलेल्या सामानात सण काढू नका. उटणं, मोती साबण, कारीट, सगळं वरच्या एकाच पिशवीत ठेवा, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे खोकी उघडावी लागणार नाहीत. पाडव्याच्या पहाटे सारसबागेत जाऊन या; तिथे दिव्यांची गर्दी असते आणि सगळं शहर नवे कपडे घालून आलेलं असतं. घर हातात असेल तर भाऊबीजेला भावाला तिथेच बोलवा. फर्निचर नसलं तरी एक पाट, चटई आणि औक्षणाचं ताट पुरतं. माझा भाऊ आमच्या रिकाम्या हॉलमध्ये पाटावर बसला होता आणि ‘आवाज घुमतोय गं ताई’ म्हणून सारखा हसत होता.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीशेजारी घराची फाइल ठेवा. मूळ करारनामा बँकेत जाण्याआधी त्याची रंगीत झेरॉक्स काढून घ्या. सुट्ट्या संपल्या की महावितरणच्या मीटरवर नाव बदलायला द्या आणि महापालिकेकडे पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत त्यानेच मिळते.