नारळी पौर्णिमेआधी आऊटबोर्डचा गिअर

1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपत आली की मालवण-देवबागकडे पडवीत घोड्यावर (स्टँडवर) टांगलेली आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, खाली उतरायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं की माणूस खूश होतो आणि होडी पाण्यात लोटतो. गिअर कोणी बघत नाही. मग कर्लीच्या मुखाशी लिव्हर मागे ओढली तरी होडी आपली पुढेच सरकत राहते, आणि काठावरून कोणीतरी काका ओरडतात, "गिअर गेलो रे तुजो!"

बहुतेक वेळा गेलेला नसतो. केबल आखडलेली असते, पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, रबर सुटलेला असतो, नाहीतर आपणच काहीतरी उलटंसुलटं जोडलेलं असतं. म्हणून ही तपासणी लिव्हरपासून सुरू करून वरून खाली पंख्यापर्यंत न्यायची. गिअरचं घर उघडणं सगळ्यात शेवटी, आणि तेही मेकॅनिककडून.

सामान आधीच काढून ठेवा: इंजिनाचं मॅन्युअल, पाने, पक्कड, तळाच्या स्क्रूत घट्ट बसेल असा मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर, आऊटबोर्डचं गिअर ऑइल आणि ते भरायचा पंप, ऑइलच्या दोन्ही स्क्रूंचे नवे वॉशर, नवी कॉटर पिन (पंख्याचा नट सुटू न देणारी), मरीन ग्रीस. शिवाय नेलपॉलिशची एक बाटली. घरात विचारून घ्या, कशाला ते पुढे येईल. पंख्याला हात लावण्याआधी किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढा आणि प्लगची टोपीही काढून बाजूला करा. पंखा हाताने फिरवताना इंजिन एक ठिणगी धरतं आणि बोटं जातात.

आता इंजिन बंद असतानाच लिव्हर हलवून बघा. एकाने लिव्हर धरायची, दुसऱ्याने पंखा हळूहळू फिरवत राहायचं. पंखा न फिरवता लिव्हर अर्ध्यात अडली तर तो बिघाड समजू नका आणि जोर तर अजिबात लावू नका. खालच्या, म्हणजे गिअरच्या, घरात फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशी दोन चक्रं असतात, इंजिन चालू असलं की दोन्ही कायम उलटसुलट फिरत असतात. मधला दातांचा तुकडा, मेकॅनिक ज्याला डॉग क्लच म्हणतात, तो पुढेमागे सरकून एकाला पकडतो. इंजिन बंद असताना दातावर दात आला तर लिव्हर अडणारच. पंखा थोडा फिरवला की खट् करून बसते. न्यूट्रलला पंखा दोन्हीकडे मोकळा फिरायला हवा. रिव्हर्सला दोन्हीकडे अडायला हवा. फॉरवर्डलाही अडतो, पण काही इंजिनांत तो एका बाजूने टकटक करत फिरतो, ते बरोबर आहे.

लिव्हर जड लागली तर दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते दोन मिनिटांत कळतं. इंजिनाकडचं केबलचं टोक पिनवरून काढा आणि लिव्हर पुन्हा हलवा. तरीही जडच असेल तर केबल किंवा कंट्रोल बॉक्स (लिव्हरची पेटी). लिव्हर मोकळी झाली पण इंजिनाकडचा आर्म (केबलने हलणारा दांडा) हाताने हलत नसेल, तर सांधे किंवा खालचं घर. टिलरच्या, म्हणजे हाताच्या दांड्याने वळवायच्या, लहान इंजिनात केबलच नसते, लिव्हर थेट सांध्यांवर चालते. तिथे बहुतेक वेळा मीठ साचलेलं असतं; गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस लावा, काम होतं. केबलच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे: बाहेरचं प्लास्टिक फुगलं किंवा चिरलं की आत गंज आहे, आणि वरून तेल सोडून तो जात नाही. नवी घाला. घालताना लहान वळण देऊ नका, साधारण 20 सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण केबलला मारतं. कंट्रोलची लिव्हर न्यूट्रलला आणि इंजिनाचा आर्मही न्यूट्रलला ठेवला की केबलचं टोक न ओढता, न ढकलता पिनवर बसलं पाहिजे. बसत नसेल तर टोकाचा आटा फिरवून जमवा. एका बाजूचा गिअर नीट लागतो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो, याचं पहिलं कारण हेच असतं.

दोरीने सुरू होणाऱ्या बऱ्याच इंजिनांत गिअर लागलेला असताना दोरी ओढलीच जात नाही. त्यासाठी गिअरपासून स्टार्टरपर्यंत एक बारीक तार असते. ती सरकली की न्यूट्रललाही दोरी अडते आणि लोक म्हणतात इंजिन जाम झालं. आधी ती तार बघा.

मग आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालणं. न्यूट्रलला इंजिन किती फेऱ्यांवर चालावं ते मॅन्युअलमध्ये असतं, लहान इंजिनांत बहुधा मिनिटाला 1,000च्या आतबाहेर. पावसाळ्यात थांबू नये म्हणून कोणीतरी स्क्रू पिळून ते वाढवून ठेवलेलं असतं. जास्त फेऱ्यांवर गिअर टाकला की कर्र आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे दातांचे कोपरे झिजण्याचा. दुसरी वाईट सवय लिव्हर हळूहळू, जपून सरकवण्याची. नवशिक्यांना वाटतं, असं केलं की गिअर सुखात राहतो. उलट आहे. दात एकमेकांवर घासत राहतात. थ्रॉटल पूर्ण खाली आणि लिव्हर एका दमात, खट्. कोपरे एकदा गोल झाले की गिअर लागतो, पण थ्रॉटल वाढवताच उडी मारून सुटतो. केबल जमवूनही असं होत असेल तर तेव्हा खरंच गिअर गेला आहे, मेकॅनिकला बोलवा.

गिअर लागतो, इंजिन ओरडतं, होडी मात्र हलत नाही, तेव्हा पंख्याकडे बघा. लहान इंजिनांत पंख्याची पिन तुटलेली असू शकते. मोठ्यांत पंख्याच्या मधल्या नळीभोवती रबर असतो, तो सुटला की नळी फिरते आणि पाती आरामात बसतात. इथे नेलपॉलिश. मधल्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या. होडी जोरात चालवून आल्यावर रेघ दोन ठिकाणी तुटलेली दिसली तर रबर सुटला. पंखा काढलात तर त्याच्यामागे शाफ्टवर तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेली आहे का तेही बघा. आमच्या खाडीत ती हमखास सापडते. घर्षणाने वितळून मेणासारखी कडक कडी झालेली असते आणि तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या सीलच्या ओठात रुतते. ब्लेडने कापा, पण सीलला धार लागू देऊ नका. शाफ्टला ग्रीस, मग पंखा, नट, नवी कॉटर पिन.

तंगूस सापडली तर ऑइल बघणं आलंच. इंजिन रात्रभर उभं ठेवा, पाणी असेल तर तळाला बसतं. सकाळी आधी तळाचा स्क्रू किंचित सैल करा: पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा तेल दुधाच्या चहासारखं निघालं, तर सील गेलं. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर काजळासारखी भुकटी चालते, टोचणारा कपचा चालत नाही. नवं तेल तळाच्या भोकातून वर भरत न्यायचं. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सरळ तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून पटकन खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. एरवी तेल बदलायचं ते 100 तास किंवा 6 महिने, जे आधी होईल तेव्हा.

मी स्वतः एकदा पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) बदललं. त्यासाठी खालचा पाय काढावा लागतो आणि वाटेत गिअरच्या दांड्याचा जोड सोडावा लागतो. परत लावताना जोडाचे चार-पाच आटे कमी बसले. फॉरवर्ड झकास लागत होता, म्हणून मी तपासायचं सोडून दिलं. जेटीला लागताना रिव्हर्स टाकला, काही झालं नाही, आणि होडीची नाळ सिमेंटवर आपटून फळी फुटली. तेव्हापासून पाय काढला की जोडाच्या आट्यांवर काढण्याआधीच खूण करतो.

शेवटची चाचणी पाण्यात, होडी पुढून-मागून दोरांनी बांधून. पाच वेळा फॉरवर्ड, पाच वेळा रिव्हर्स, प्रत्येकदा मध्ये न्यूट्रलला थांबून. रिव्हर्सला इंजिनच वर उचललं जात असेल तर गिअरला दोष देऊ नका, मागे उचलू न देणारा हुक बसलेला नाही.

निघताना वल्हं आणि नांगर असतातच. त्याबरोबर, केबल तुटली तर कुठली पिन काढून आर्म हाताने ढकलायचा ते किनाऱ्यावरच एकदा करून बघा, इंजिन बंद ठेवून. त्या पिनेची एक जादा क्लिप झाकणाच्या आत तारेने बांधून ठेवा. लाटेत हलणाऱ्या होडीत ती नेमकी हातातून पाण्यात पडते.