वर्गासाठी टच प्रोजेक्टर निवडताना: आधी भिंत, मग मॉडेल

टच प्रोजेक्टर, म्हणजे फळ्यावर पडलेल्या चित्रावर बोटाने किंवा पेनने लिहू देणारा प्रोजेक्टर, घ्यायचं ठरलं की शाळेत आधी कॅटलॉग येतो, मग दरपत्रकं येतात आणि सगळं झाल्यावर कोणीतरी विचारतं, "पण हा लावायचा कुठे?" हा क्रम उलटा करा. गोव्यात तर कराच. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड, या तिन्हींना पुरून उरेल तेच मॉडेल कामाचं. पंचायतीच्या किंवा सोसायटीच्या सभागृहालाही हेच लागू.

भिंत

पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूने उघडी असलेली पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत शक्यतो टाळा. दोन वर्गांमधली आतली भिंत सगळ्यात चांगली. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावून बघा. गिलाव्याला फुगे आले असतील, रंग सुटत असेल, तर तिथे फळा लावायचा नाही. ओल फळ्याच्या पाठीत शिरते. पाठ एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असेल तर ती फुगते, फळ्याला पोट येतं, आणि मग बोट एकीकडे, रेघ दुसरीकडे. लोक दोष प्रोजेक्टरला देतात, कॅलिब्रेशन (टच आणि चित्र जुळवणं) पुन्हा पुन्हा करतात, पण बिघाड फळ्यामागे असतो. म्हणून फळ्याची पाठ ॲल्युमिनियम हनीकोंबची (आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली) मागा आणि ऑर्डरमध्ये तसं लिहून घ्या.

सपाटी तपासायला गवंड्याकडची दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी पुरते. ती फळ्यावर आडवी, उभी, तिरपी धरा आणि खालून टॉर्च मारा. कुठे २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर बोटाने चालणारं टच तिथे नीट चालणार नाही. फळ्याच्या अगदी जवळून भिंतीशी जोडलेला प्रोजेक्टर प्रकाश फार तिरपा टाकतो. त्यामुळे फळ्याच्या खालच्या भागात ५ मिलिमीटरचा फुगवटा असेल, तर चित्रातली रेघ साधारण तिप्पट, म्हणजे दीड सेंटिमीटर सरकते. वरून ओढायचा गुंडाळी पडदा याच कारणाने बाद. पंख्याच्या वाऱ्याने तो हलतो, ते वेगळंच.

आता खिळेठोक. चिरा मऊ आणि सच्छिद्र. साधी प्लास्टिकची गिट्टी त्यात पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि वर्षभरात सैल होते. हॅमर मोडवर ड्रिल मारलं तर भोक आणखी मोठं होतं. पलीकडे दुसरा वर्ग असेल तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्या. ते जमत नसेल तर केमिकल अँकर (भोकात रसायनाने पक्का चिकटवलेला बोल्ट) वापरा. प्रोजेक्टर आणि त्याला भिंतीशी जोडणारा हात मिळून सहसा १०-१५ किलोंच्या आत असतात, वजन फार नाही. पण हात पुढे आलेला असल्याने वरच्या बोल्टवर ओढ पडते. कौलारू वर्गात वाशाला टांगायचा मोह टाळा, कारण त्याच लाकडाला पंखा असतो आणि पंखा चालू झाला की अक्षरं थरथरतात.

माप

शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला सहाने भागा. चित्राची उंची निदान तेवढी हवी. १६:१० प्रमाणात ८० इंची चित्र १७२ × १०८ सेंटिमीटरचं होतं, ते साडेसहा मीटरपर्यंत पुरतं. १०० इंची चित्र २१५ × १३५ सेंटिमीटरचं, आठ मीटरपर्यंत. प्राथमिकच्या वर्गात चित्राची खालची कड जमिनीपासून ६०-७० सेंटिमीटरवर ठेवा. त्याहून वर गेली की तिसरीतली मुलं फक्त खालच्या पट्ट्यात लिहितात, वरची बटणं बाईंनीच दाबायची.

थ्रो रेशो म्हणजे फळ्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. ०.५ चा शॉर्ट थ्रो ८० इंचासाठी ८६ सेंटिमीटर लांब लागतो. ०.२७ चा अल्ट्रा शॉर्ट थ्रो साधारण ४६ सेंटिमीटरवर बसतो. फळ्यावर हाताने लिहायचं असेल तर माझं मत सरळ आहे: अल्ट्रा शॉर्ट थ्रोच घ्या. ८६ सेंटिमीटरवर शिक्षकाच्या डोक्याची आणि हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. शॉर्ट थ्रो स्वस्त पडतो, पण तो लांबून पेनने चालवणाऱ्यांसाठी ठीक. अंतर मोजताना ते प्रोजेक्टरमधल्या आरशापासून धरलंय की यंत्राच्या पाठीपासून, हे मॅन्युअलमधल्या आकृतीत बघा. दोन कंपन्या ते वेगवेगळं मोजतात.

चित्र चौकोनी करायला रिमोटवरचं कीस्टोन (चित्राचा आकार डिजिटल पद्धतीने सरळ करणारी सोय) वापरायचं नाही. त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा विरघळतात. यंत्रच सरकवून, स्क्रू फिरवून सरळ करा. अर्धा तास जास्त जाईल, जाऊ दे.

उजेड आणि अक्षर

ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे फळ्यावर दर चौरस मीटरला पडणारा. ३५०० ल्युमेनचा उजेड ८० इंचांवर पसरला की सुमारे १९०० लक्स मिळतात, १०० इंचांवर फक्त १२००. इको मोडवर (वीज वाचवणाऱ्या मंद मोडवर) यातला बराच भाग आणखी कमी होतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, त्यामुळे खोलीच्या उजेडात फळा जितका पांढरा दिसतो, तितकाच चित्रातला काळा फिका. खोलीतला उजेड प्रोजेक्टरच्या उजेडाच्या पाचव्या भागावर गेला की नकाशातले रंग धुऊन निघतात. मोबाइलवरच्या लक्समीटरने दुपारी बारा वाजता फळ्यावर अंदाज घ्या. ८० इंची चित्रासाठी ३५०-४०० च्या वर आकडा आला तर जास्त ल्युमेनच्या मागे लागण्याआधी फळ्यालगतच्या खिडकीला जाड पडदा लावा आणि पुढच्या ट्यूबलाइटला वेगळं बटण द्या. ते कितीतरी स्वस्त पडतं. शिवाय थेट ऊन फळ्यावर आलं की त्यातल्या इन्फ्रारेडमुळे टच आणि पेन दोन्ही गोंधळतात.

डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरच्या पत्रकावरचे ल्युमेन बहुधा पूर्ण पांढऱ्या चित्रावर मोजलेले असतात, रंग त्या मानाने मंद पडतात. थ्री-एलसीडीमध्ये (तीन रंगांसाठी तीन एलसीडी पट्ट्या असलेल्या प्रकारात) हा फरक नसतो, मात्र त्याची हवेची जाळी वेळच्या वेळी साफ करावी लागते. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात जिथे तांबडी धूळ बसते, तिथे बंद ऑप्टिकल इंजिनचं (प्रकाशाच्या भागात धूळ शिरू न देणारं) मॉडेल बघा.

रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या: १२८० × ८०० मध्ये ८० इंचांवर एक पिक्सेल १.३ मिलिमीटरचा होतो. मोठ्या टायपातल्या धड्यासाठी चालतं. पण बारीक टायपात 'ष्ट्र' किंवा 'द्ध्य' चिकटून एक डाग होतो. हिशेबाचे तक्ते दाखवायचे असतील, म्हणजे सभागृहासाठी, १९२० × १२०० किंवा फुल एचडी घ्या.

टच, पेन, वायर

पेनवाल्या मॉडेलमध्ये प्रोजेक्टरमधला कॅमेरा पेनाच्या टोकाचा इन्फ्रारेड ठिपका बघतो. बोटासाठी फळ्याच्या वर वेगळं लेझर युनिट बसतं, ते फळ्यालगत प्रकाशाचा अदृश्य पडदा सोडतं. या पडद्यात शर्टाची बाही, ओढणी, चिकटवलेला कागद, काहीही आलं तर तो टच समजला जातो. फळ्याची उंच चौकटसुद्धा. लहान मुलांच्या वर्गात बोट सोयीचं, पण पेनची जोडीही सोबत घ्या.

फळा चकचकीत असेल तर त्यावर दिव्याचा झळाळता गोळा दिसतो. मॅट, प्रोजेक्शनसाठीचा सिरॅमिक स्टीलचा फळा मागा.

चित्र एचडीएमआयमधून येतं आणि टच यूएसबीमधून परत जातं. ही दुसरी वायर ओढायलाच विसरतात, मग "चित्र येतं पण टच चालत नाही" अशी तक्रार होते. साधी यूएसबी वायर ५ मीटरपर्यंतच धरा, पुढे ॲक्टिव्ह रिपीटर (सिग्नल वाढवणारी) वायर लागते. एचडीएमआय १० मीटरच्या वर जाणार असेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) वायर घ्या. भिंतीवर रंगकाम होण्याआधी पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, आणि तो एचडीएमआयचा जोड आत जाईल इतका रुंद. लॅपटॉपवर दोन स्क्रीन 'एक्स्टेंड' असतील तर टच भलत्याच स्क्रीनवर उमटतो; 'डुप्लिकेट' ठेवा किंवा विंडोजच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये टचची स्क्रीन बदला.

दिवा आणि वीज

दिव्याचं आयुष्य साधारण ५००० तास, दिव्याऐवजी लेझर असलेल्या मॉडेलचं २०,००० तास. रोज पाच तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर ११०० तास होतात, म्हणजे दिवा साडेचार वर्षांत बदलावा लागेल. गोव्यात वादळी पावसात वीज जाते. दिवा तापलेला असताना पंखाही बंद पडला की आतली उष्णता अडकते आणि दिव्याचं आयुष्य घटतं. लेझर हे बऱ्यापैकी सोसतो. दिव्याचं मॉडेल घेतलंत तर प्रोजेक्टरच्या वॉटच्या दीडपट क्षमतेचा यूपीएस हवाच, पाच मिनिटं चालला तरी पुरे. दोन्ही प्रकारांत अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

डेमो

विक्रेत्याच्या शोरूममधला डेमो मोजू नका. यंत्र तुमच्या वर्गात, दुपारी, पडदे उघडे ठेवून लावायला सांगा आणि हे करून बघा:

१. तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. ती नागमोडी आली तर ट्रॅकिंग कच्चं.
२. 'ज्ञानेश्वरी' भरभर लिहा. शाई हाताच्या किती मागे पडते ते दिसेल.
३. चारही कोपऱ्यांत फुली मारा. मध्यभागी सगळीच यंत्रं बरोबर चालतात, चूक कोपऱ्यात सापडते.
४. दोन मुलांना एकदम लिहू द्या.
५. लाल आणि हिरवा रंग पूर्ण पडदाभर दाखवा. रंग मंद पडतात का ते कळेल.

ऑर्डरमध्ये मॉडेल क्रमांक, बसवणं, वायर, कॅलिब्रेशन आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरतपासणी वेगवेगळी लिहा. दिवा, पेन आणि टच युनिट यांची वॉरंटी यंत्राच्या वॉरंटीहून कमी असू शकते, ती स्वतंत्र विचारा. दुरुस्ती गोव्यात होते की यंत्र राज्याबाहेर जातं, आणि गेलं तर बदली यंत्र मिळतं का, हे पालक-शिक्षक संघासमोर लेखी ठेवायला सांगा.

पावसाळा आणि सुट्टी

जाळी महिन्यातून एकदा, खाणपट्ट्यात पंधरवड्याला साफ करा. आरशावरची काच आणि कॅमेऱ्याची खिडकी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. पाली उबेला तिथेच येऊन बसतात आणि घाण काचेवर पडते. प्लास्टिकने झाकू नका, आत ओल कोंडून भिंगाला बुरशी धरते. सुती कापड पुरे. चवथीच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवायला शिपायाला सांगा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पेनमधले सेल काढून ठेवा, नाहीतर जूनमध्ये ते आत गळलेले सापडतात.