सुपरहिरो चित्रपटांवर मुद्देसूद वाद कसा घालावा

आदल्या रात्रीचा शो पाहून आलेली मंडळी रविवारी सकाळी कोथरूडमधल्या एखाद्या अमृततुल्यात जमली, की चहा समोर येण्याआधीच ‘यात काही लॉजिकच नाही’ असे कुणीतरी म्हणते आणि पुढचा तासभर प्रत्येक जण निराळ्याच गोष्टीविषयी बोलत राहतो. जे चित्रपट आपण इतका जीव लावून पाहतो, त्यांवरचा वादही तितक्याच मनापासून आणि नेटका घालावा, असे मला वाटते.

सर्वप्रथम आपला आक्षेप नेमका कशावर आहे, ते ठरवावे. कथेने स्वतःच घालून दिलेला नियम मोडला असेल, तरच त्याला प्लॉट होल म्हणावे. माणूस अदृश्य होतोच कसा, हा प्रश्न ‘मिस्टर इंडिया’च्या (१९८७) बाबतीत गैरलागू आहे, पण अदृश्य नायक लाल प्रकाशात दिसतो असे एकदा सांगितल्यावर चित्रपटाने ते पाळले का, हे जरूर विचारावे. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये (२०१९) भूतकाळातल्या बदलाने आपला वर्तमान बदलत नाही, असे ब्रूस बॅनर (हल्क) समजावतो, मात्र अखेरीस भूतकाळात गेलेला आणि आता म्हातारा झालेला स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) कालयंत्राच्या चौथऱ्यावर न परतता जवळच्या बाकावर बसलेला दिसतो. तो कोणत्या काळातून आला, याची दिग्दर्शकांनी आणि पटकथाकारांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ही शंका रास्तच ठरते. याउलट ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये (२०१२) विहिरीसारख्या तुरुंगातून सुटलेला ब्रूस वेन (बॅटमॅन) नाकेबंदीतल्या गॉथम शहरामध्ये कसा पोहोचला, हे दाखवलेलेच नाही. ती गाळलेली जागा आहे. त्याबद्दल कुरकुर करावी, पण तिला विसंगती म्हणू नये.

पात्राने केलेली चूक ही तर तिसरीच गोष्ट असून सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. ‘इन्फिनिटी वॉर’मधला (२०१८) टायटन ग्रहावरचा प्रसंग घ्या. माझ्या मामेभावाने एकदा चहाच्या टेबलावर पाच ग्लास आणि एक क्रीमरोल मांडून तो मला समजावला होता. क्रीमरोल म्हणजे खलनायक थॅनोसचा हातमोजा, ज्याच्या बळावर तो विश्वातली निम्मी जीवसृष्टी नष्ट करू पाहतो आणि जो नायकांना काढून घ्यायचा असतो. एक ग्लास थॅनोसच्या खांद्यावर बसून त्याला गुंगीत ठेवणाऱ्या मँटिसचा, दोन मोजा ओढणाऱ्यांचे, आणि इतक्यात त्यांचाच साथीदार पीटर क्विल थॅनोसच्या तोंडावर वार करतो. “दादा, दोन मिनिटं कळ काढली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. पटकथाच भिकार आहे.”

अशा वेळी ‘मी असतो तर’ हे बाजूला ठेवून त्या पात्राचा पूर्वेतिहास तपासावा. आदल्याच वर्षीच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या दुसऱ्या भागात आपल्या आईच्या मेंदूत गाठ बापानेच पेरली, हे कळताक्षणी क्विल कसलाही विचार न करता त्याच्यावर गोळ्या झाडतो. आपली प्रेयसी गमोरा थॅनोसच्या हातून मेल्याचे कळल्यावर असा माणूस शांत राहिला असता, तर तीच खरी विसंगती ठरली असती. निर्णय मूर्खपणाचा असणे आणि तो त्या पात्राला न शोभणे, यांत फरक आहे.

यानंतर समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्या तोंडून आल्यासारखा आपण मांडावा, त्याने ‘हो, हेच म्हणणं आहे माझं’ अशी मान डोलावल्यावरच उत्तर द्यावे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे. म्हणून आक्षेप घेणाऱ्याला, मग त्या पात्राने दुसरे काय करायला हवे होते, हे अवश्य विचारावे. पुरावा मात्र पडद्यावरचाच धरावा. मुलाखतीतला खुलासा पूरक समजावा आणि आठवणीवर विसंबण्याऐवजी तेवढा प्रसंग पुन्हा पाहावा.

आम्ही तो त्याच संध्याकाळी पाहिला. मोजा निघतच आला आहे, आवर स्वतःला, असे टोनी स्टार्क (आयर्न मॅन) क्विलला ओरडून सांगतो, हे भाऊ विसरला होता, म्हणजे धोका पटकथेला ठाऊक होता. त्याने ‘भिकार’ हा शब्द मागे घेतला आणि लगेच दुसरा मुद्दा काढला : याच चित्रपटात न्यूयॉर्कमध्ये जादूगार वाँग दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे दार असलेले प्रकाशाचे वर्तुळ मिटवून थॅनोसच्या एका साथीदाराचा हात तोडतो, मग तीच जादू येणारा डॉक्टर स्ट्रेंज थॅनोसचा हात तसाच का तोडत नाही? स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्ये पाहिली आणि विजय एकातच होता, हे उत्तर मी दिले. “हे उत्तर तर कुठल्याही प्रश्नाला चालेल,” तो म्हणाला. नियम चित्रपटाचाच आहे, पुरावाही पडद्यावरचा आहे, आणि त्याच्या या आक्षेपाला मी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही.